आभारांत ड्रीफा नव्हती

ओड्डूर बुडाला नाही तो ड्रीफामुळे. आमच्या खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. ओड्डूरला तेवढं कळू नये, याचा मला राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

एका हिवाळ्यात त्याची बोट खाडीत उलटली आणि हा गडी अंगावरच्या कपड्यांनिशी पोहत किनाऱ्याला लागला. मग वर्तमानपत्रात मुलाखत आली. त्याने देवाचे आभार मानले. तटरक्षक दलाचे मानले, जे पोचलं तेव्हा हा घरी बसून मटणाचं सूप पीत होता. बायकोने विणलेल्या लोकरी स्वेटरचेसुद्धा मानले. स्वेटरचे! ज्या बाईने त्याला हातपाय मारायला शिकवलं, तिचं नाव कुठेच नाही.

ड्रीफाने उभी हयात आमच्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात घालवली. इथे आइसलंडमध्ये पोहणं आल्याशिवाय शाळेतून सुटका नाही. शिक्षकालाही आम्ही नावानेच हाक मारतो, अहो-जाहो करत नाही, पण ड्रीफाला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. अंगावर चिंधीही न ठेवता, साबण लावून आंघोळ केल्याशिवाय ती कुणाला पाण्यात पाऊल टाकू देत नसे. इतर गावांतले शिक्षक काठावर उभे राहून ओरडायचे. ही बर्फ पडत असतानाही आमच्याबरोबर पाण्यात असायची.

ओड्डूर माझ्याच वर्गात होता. काठ धरून भोकाड पसरायचा. "तू आधी उतर," तिला म्हणायचा, "मग मी." आणि ती रोज आधी उतरायची. त्याच्या हनुवटीखाली हात धरून म्हणायची, "पाय हलव, ओड्डूर. मी आहे." दोन हिवाळे हेच चाललं. आम्ही फिदीफिदी हसलो की आम्हालाच बाहेर काढायची.

आता मासे गोठवायचा कारखाना ओड्डूरचा आहे. त्या अपघातातून वाचल्यावर त्याने गावाला नवा तलाव बांधून दिला. पाटीवर नाव त्याचं. असू दे, पैसा त्याचा. पण उद्घाटनाला पहिल्यांदा पाण्यात उतरायचा मानही त्यालाच मिळणार हे ऐकलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात आम्ही संध्याकाळी बसतो. तिथेच मी हेर्दिसला धरलं. ती गावच्या पंचायतीची प्रमुख.

"पहिली ड्रीफा उतरू दे. बाकी काही मागत नाही मी."

"अगं, फोटोवाले येणार राजधानीतून," हेर्दिस म्हणाली. "म्हातारीला कशाला मध्ये आणतेस?"

"म्हातारीने शिकवलं नसतं तर या कुंडातही गटांगळ्या खाल्ल्या असत्यास तू!"

"तू ओड्डूरच्याच कारखान्यात मासे कापतेस ना? मग जरा जपून बोल."

ड्रीफा समोरच बसली होती. "गप्प बसा गं दोघी," ती म्हणाली. "मला गुडघ्यांसाठी गरम पाणी हवंय. मान घेऊन काय करू?"

मला तिचाही राग आला. अशाच माणसांमुळे बाकीच्यांचं फावतं.

उद्घाटनाच्या दिवशी बोचरा वारा सुटला होता. भाषणं झाल्यावर सगळ्यांनी पोहायचं ठरलं होतं, म्हणून आम्ही रीतसर आंघोळ करून, ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून कुडकुडत होतो. ड्रीफा शेवटच्या रांगेत. ऐंशी ओलांडलेल्या बाईला कुणी खुर्ची दिली नाही. मी आणून दिली, तर ती तिने एका पोटुशीला देऊन टाकली. ओड्डूरचं भाषण संपता संपेना. त्याने वास्तुविशारदाचे आभार मानले, फरशी बसवणाऱ्यांचे मानले, पुन्हा एकदा त्या मेल्या स्वेटरचे मानले.

मग त्याने तिथेच सूट उतरवला. आत पोहायची चड्डी घालूनच आला होता! कोरडा ठणठणीत माणूस आंघोळ न करता पाण्याकडे निघाला. सगळ्या गावाने पाहिलं. हेर्दिसने मान वळवली. कुणी ब्र काढला नाही, आणि खोटं कशाला सांगू, कारखान्याच्या आठवणीने माझीही जीभ टाळ्याला चिकटली.

"ओड्डूर!" मागून आवाज आला. "आंघोळ?"

तो जागीच थिजला. फोटोवाले हसले. आमच्यातलं कुणी हसलं नाही, सगळ्यांचे हात आपसूक आपल्या ओल्या केसांकडे गेले. ओड्डूर कानापर्यंत लाल झाला आणि मुकाट्याने आत गेला.

परत आला तो निथळत. ड्रीफा पुढे येऊन काठाशी उभी होती, तिच्यामागोमाग मीही.

"साबण?"

"लावला."

"मग उतर की आता."

तो उतरेना. पाण्याकडे बघत राहिला. बोट उलटल्यापासून हा पाण्याच्या जवळही फिरकला नव्हता, हे त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं. हेर्दिस हातवारे करून "चल, चल" म्हणत होती. ओड्डूरने काठाचा कठडा घट्ट धरला.

"ड्रीफा," तो इतक्या हळू म्हणाला की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं, "तू आधी उतर."

तिने टॉवेल माझ्या हातात दिला आणि शिडी धरून, एकेका गुडघ्याला शिव्या घालत, ती नव्या तलावात उतरली. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून तिने दोन्ही हात पुढे केले.

पाटी अजून त्याच्याच नावाची आहे. आभार त्याने अजूनही मानलेले नाहीत, आणि मी ते त्याला माफ करणार नाही. पण त्या दिवशी तो साठीचा धटिंगण तिच्या हातांत अलगद उतरला आणि सगळ्या गावासमोर ती म्हणाली, "पाय हलव, ओड्डूर. मी आहे."