तेराव्या संकष्टीचा प्रश्न

नातीला शाळेतून लिहून आणायला सांगितलं होतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या रेडिओबद्दल विचारा. मुलाने तिला आधीच सांगून ठेवलेलं, आजोबांचा प्रश्न रेडिओवर विचारला होता. दुपारी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. वर लिहून मोकळी झाली होती, माय ग्रँडफादर. एवढं इंग्रजी मला वाचता येतं.

मुलाने सांगितलं ते खोटं होतं. पंचेचाळीस वर्षं घरात खपलं, आता वहीत जायला निघालं होतं.

हे आखातातल्या अल खोरमधलं घर मुलाचं. बायको गेल्यावर त्याने मला नाशिकहून इथे आणलं. तो पहाटे कंपनीच्या बसने जातो, सून वेस्ट बेला ऑफिसात जाते, नात शाळेत. मी आणि एसी. कुणाशी बोलायचं म्हटलं तर वॉचमनशी हिंदीत, तेही दोन वाक्यं.

नातीला मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. तिला सांगितलं ते असं.

मी कारखान्यात फिटर. शिक्षण चौथी. बायको सातवी पास, आणि घरात आलेल्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी. आठवड्यातून एकदा रेडिओवर प्रश्नांचा कार्यक्रम लागायचा. कॉलेजची पोरं समोर बसवायचे, प्रश्न विचारायचे, वेळ संपली की टोला. सुरुवातीला प्रश्न त्यांचेच असायचे. पुढे ऐकणाऱ्यांनी कार्डावर प्रश्न पाठवायचे असं निघालं. पोरांना उत्तर आलं नाही तर पाठवणाऱ्याचं नाव वाचायचे. बक्षीस म्हणजे तेवढंच, नाव.

बायकोने कार्ड लिहिलं. वर्षाला संकष्ट्या बारा, तेरावी कधी येते? खाली तिचं नाव, आमचा पत्ता. टाकायला माझ्याकडे दिलं. मी कारखान्याच्या गेटवर पेन मागून घेतलं, तिचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. बाईमाणसाचं नाव रेडिओवर कशाला, असं वाटलं. तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. पण खोडलं मी.

कार्ड वाचलं गेलं. एकालाही उत्तर आलं नाही. टोला पडला, मग माझं नाव. ती भाकरी थापत होती. परातीतला हात थांबला, एवढंच.

"अधिक महिना असेल त्या वर्षी," असं रेडिओवाल्याने उत्तर सांगितलं.

ती म्हणाली, "तुमचं नाव बरं वाटलं ऐकायला." आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये फोरमन म्हणाला, "काय ओ, एवढं डोकं कुठे लपवलं होतं? मशिनवर तर कधी दिसलं नाही."

मी म्हणालो, "थोडं वाचन आहे."

तिने पुन्हा कार्ड लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढे टीव्ही आला आणि तो कार्यक्रम टीव्हीवर गेला. जुन्या कार्डवाल्यांना पत्रं आली, मुंबईला येऊन खेळा म्हणून. पत्र माझ्या नावाने. चौथी पास माणूस जाऊन काय सांगणार? तिला जाता येईना, कारण तिचं नाव कुठेच नव्हतं. तरी म्हणाली, "जा की. महिनाभरात शिकवते मी तुम्हाला."

"गप बस," म्हणालो. पत्र चुलीत घातलं.

मग आम्ही शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला जायचो. ती बायकांत मागे बसायची. टोला पडायच्या आत उत्तर पुटपुटायची. मला पुढे ऐकू यायचं. दहातली सात-आठ तरी बरोबर.

नात पेन्सिल तोंडात धरून ऐकत होती. म्हणाली, "सो यू चीटेड?"

"हो."

तिने खोडरबर काढलं. ग्रँडफादर खोडून ग्रँडमदर केलं. मग विचारलं, "आजीचं नेम काय?" तिला आजी म्हणजे आजीच माहीत.

लग्नात उखाण्यात घेतलं होतं नाव, त्यानंतर तोंडाने कधी घेतलं नाही. दवाखान्यात विचारलं तेव्हासुद्धा मुलाने सांगितलं. नातीने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी घेतलं. तिला स्पेलिंग जमेना, मला तर येतच नाही. मग वही ओढून मीच मराठीत लिहिलं. ज्या हाताने खोडलं होतं त्याच हाताने.

संध्याकाळी मुलाला कळलं. बूट काढता काढता थांबला. "बाबा, मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरलो होतो."

"ते तुझ्या आईचं होतं."

"ती कधी बोलली नाही."

"ती बोलणाऱ्यातली होती का?"

सुनेने वाढलं, मी जेवलो.

वही आज शाळेत गेली. घरात मी एकटा. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ते नाव एकदा मोठ्याने घेऊन बघितलं. कुणी "काय ओ" म्हणालं नाही. म्हणणार कसं? जन्मभर तिला 'अगं' म्हणून बोलावलं, त्याला ती 'काय ओ' म्हणत यायची. माझ्या तोंडून नाव ऐकायची तिला सवयच नव्हती.