मामांची मुदतवाढ

निघण्याची कला ज्यांना अजिबात अवगत नाही अशा माणसांची कुणी स्पर्धा भरवली, तर पहिलं बक्षीस माझ्या बायकोच्या मामांना मिळेल, आणि ते घ्यायला मामा वेळेवर पोचणार नाहीत. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये कुणाकडेही जेवण असो, मामा "चला, येतो आता" म्हणत उठले की घरची मंडळी चहाचं आधण ठेवतात. मामा कोट चढवतात, बूट घालतात, कानटोपी ओढतात, दार उघडतात आणि एक पाय आत, एक पाय बाहेर अशा अवस्थेत त्यांना त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा विषय आठवतो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घरातली ऊब मामांच्या बगलेखालून रस्त्यावर निघालेली आणि मामा सांगलीच्या जुन्या पुलाच्या कमानींबद्दल बोलतायत. मामी तोवर गाडी सुरू करून आत बसलेल्या असतात. बसल्या बसल्या त्या मैत्रिणींना फोन करून घेतात. शेवटी तो चहा मामा उंबऱ्यातच उभे राहून पितात आणि मग निघतात.

अशा माणसाच्या आयुष्यात, ऐन निवृत्तीच्या काळात, एक अख्खा देश निघायला उठला. इंग्लंडने युरोपच्या व्यापारसंघातून बाहेर पडायचं ठरवलं, कौल घेतला, निकाल लागला, आणि मग कोट-बूट घालून तो देश जो दारात उभा राहिला तो तीन वर्षं हलेना. मामांना इतका जवळचा सोबती आयुष्यात भेटला नव्हता. वास्तविक मामांचा इंग्लंडशी संबंध एवढाच, की पूर्वी भारतात जाताना ते तिथल्या विमानतळावर काही तास बसले होते आणि एक बेचव काकडीचं सँडविच त्यांनी खाल्लं होतं. उभा जन्म त्यांनी इलिनॉयमधल्या पुलांची तपासणी करण्यात घालवला. पण आता रोज जेवणानंतर ताकाचा पेला घेऊन ते कॉम्प्युटरपुढे बसत, कारण तिथली संध्याकाळ म्हणजे आमची दुपार, आणि संसदेतली मतदानं संध्याकाळी व्हायची. सरकारचा ठराव पडला की मामा मांडीवर थाप मारून म्हणत, "पाडला! आता मुदतवाढ मागतील बघ." आणि खरोखरच मुदतवाढ मागितली जाई. सभापतींची "ऑर्डर, ऑर्डर" ही आरोळी तर त्यांनी इतकी आत्मसात केली होती, की आमची मुलगी भेटल्या भेटल्या "आजोबा, डू द ऑर्डर थिंग" अशी फर्माईश करायची. मामा घसा खाकरून ती लगेच पुरी करायचे.

या विषयात इतरांना रस नाही, याचा मामांना मनापासून राग यायचा. एकदा गुढीपाडव्याच्या जेवणात चार पोरं आयपीएलबद्दल बोलत होती, तेव्हा मामांनी त्यांच्यासमोर आपलं ताट धरलं. "हे श्रीखंड म्हणजे आयर्लंड, आणि हा बटाट्याचा रस्सा म्हणजे उत्तर आयर्लंड, तो इंग्लंडकडे. बरोबर? आता दोन्ही एकाच ताटात राहायला पाहिजेत, मध्ये वाटी ठेवायची नाही, पुरीचा बांध घालायचा नाही, आणि रस्सा मात्र श्रीखंडात जाता कामा नये. करून दाखवा." पोरं ताटाकडे बघत राहिली. त्यातला एकजण, नागपूरचा, नुकताच एमएस करायला आलेला, भीत भीत म्हणाला, "काका, ताट थोडं तिरकं धरलं तर?" मामांनी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं आणि ताट तिरकं धरलं. रस्सा कोटावर आला. "पाहिलंस?" मामा समाधानाने म्हणाले. "तिथेही अस्संच होतंय."

आता गंमत अशी की मामांचं स्वतःचं घरही त्याच सुमारास उंबऱ्यात अडकलं होतं. त्यांची एकुलती एक लेक, गार्गी, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला स्थायिक झाली, तेव्हाच आपणही इथलं घर विकून तिच्याजवळ जायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. मामा कुणालाही सांगत, "जायचं हे नक्की आहे." कसं जायचं, हे मात्र ठरत नव्हतं. मामींनी घर बघायला एजंटबाई बोलावली, तर मामांनी तिला बसवून युरोपची जकातपद्धत समजावली. ती परत आली नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण होती स्नोब्लोअरची. दारापुढचा बर्फ उडवण्याचं ते लाल यंत्र म्हणजे मामांचा जीव की प्राण. उन्हाळ्यातसुद्धा ते त्याला तेलपाणी करत. "कॅलिफोर्नियात बर्फ नाही. मग याचं काय करायचं, ते सांगा आधी," असं म्हटलं की चर्चा तिथेच संपायची.

मग गार्गीला मुलगी झाली. मामी पंधरा दिवस जाऊन आल्या आणि त्यानंतर त्यांचं इथे लक्ष लागेना. एका रविवारी त्यांनी मला आणि माझ्या बायकोला मुद्दाम जेवायला बोलावलं, गार्गीला व्हिडिओवर घेतलं आणि पानं उचलल्यावर मामांपुढे तीन पर्याय ठेवले. घर विकून तिकडे छोटं टाउनहाउस घ्यायचं, किंवा हे भाड्याने देऊन गार्गीच्या खालच्या खोलीत राहायचं, किंवा सहा महिने इथे आणि सहा तिथे. प्रत्येक पर्यायावर हात वर झाले आणि प्रत्येक वेळी मामांचा हात विरोधात गेला. मी कंटाळून म्हटलं, "मग इथेच राहायचं का?" तर मामांनी त्याच्याही विरोधात हात वर केला. "छे! इथे कोण राहतंय? जायचं हे नक्की आहे." गार्गी पडद्यावरून म्हणाली, "बाबा, बी सिरियस ना. माझी लीव्ह संपतेय." मामी मात्र शांतपणे टेबल पुसत होत्या. "नात पालथी पडली, ती मी फोनवर पाहिली," त्या म्हणाल्या. "आता बसेल, तेही फोनवरच बघीन. ती धावायला लागेल तोवर माझे गुडघे तिच्यामागे धावायच्या लायकीचे राहायचे नाहीत. तेवढं धरा तुमच्या हिशेबात." विषय सविस्तर अभ्यासासाठी दिवाळीनंतर घ्यावा, असं मामांनी सुचवलं.

दिवाळी झाली, पहिला बर्फ पडला, आणि मामी एक बॅग भरून तयार झाल्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामांच्या घरात दही हे खातं मामांचं. सांगलीहून आणलेलं विरजण त्यांनी इतकी वर्षं इथे टिकवलंय, रोज रात्री दूध कोमट करून ते स्वतः लावतात, आणि घरातलं कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या हातावर दही मामाच घालतात. त्या दिवशी मामींना विमानतळावर सोडायचं म्हणून मी त्यांच्या घरी गेलो, तर मामा हाताची घडी घालून बसलेले. दही द्यायला त्यांनी साफ नकार दिला. दही दिलं नाही म्हणजे बाईला निघता येणार नाही, असा त्यांचा पक्का समज होता. मामींनी क्षणभर वाट बघितली, मग पर्समधून दुकानातला योगर्टचा डबा काढला, चमचाभर स्वतःच्याच हातावर घातला, खाल्ला आणि बूट घातले. मामांचा चेहरा पांढरा पडला. "तू विनाकरार बाहेर पडतेयस," ते म्हणाले. "याचे परिणाम गंभीर होतील." मामी म्हणाल्या, "आमटी फ्रिजमध्ये आहे. दोन दिवस पुरेल." आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. दारात त्या एक मिनिटही थांबल्या नाहीत.

पुढचे दिवस मामांनी कसे काढले, ते मला बघवत नसे. मामी यायची तारीख पुढे ढकलत राहिल्या, मामा जायची. फोनवर दोघं हवामानाबद्दल बोलायची. मामा दोघांपुरतं दही लावत आणि उरलेलं आमच्याकडे आणून देत, आणि दारात पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहत. चहा दोनदा करावा लागे.

जानेवारीच्या शेवटी इंग्लंडची शेवटची मुदत संपायची होती. त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून लवकर सुटलो आणि स्टेशनवरून तडक मामांकडे गेलो. त्यांना एकट्याने ते बघू द्यावंसं वाटेना. "बस," मामा म्हणाले. "शेवटच्या मिनिटाला मुदतवाढ घेतात की नाही बघ." घड्याळाचे ठोके पडले, पडद्यावर काही लोक नाचू लागले, काही रडू लागले. मुदतवाढ कुणीच मागितली नाही. "गेले की रे खरंच," मामा म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. "तरी वर्षअखेरपर्यंत सगळं पूर्वीसारखंच चालणार आहे म्हणे. असं जायला काही हरकत नाही." मी मान हलवली. मामांनी कॉम्प्युटर बंद केला, रिकामा ताकाचा पेला उगीच हातात फिरवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला स्नोब्लोअर चालवता येतो का?"

येत नव्हता, पण मी येतो म्हटलं.

फेब्रुवारीत मामा फ्रीमाँटला गेले. घर विकायचं काम दुसऱ्या एका एजंटबाईवर सोपवलं. नंतर थोड्याच दिवसांत साथ आली आणि सगळ्या जगाची दारं बंद झाली. मामांनी आणखी एकच मुदतवाढ घेतली असती तर काय झालं असतं, याचा विचार मामी अजूनही करू देत नाहीत. नात धावायला लागली तेव्हा तिच्यामागे एकीकडून मामी आणि एकीकडून मामा, असं गार्गीने पाठवलेल्या व्हिडिओत दिसतं. मामांची "ऑर्डर, ऑर्डर" तिला अजिबात लागू पडत नाही.

निघायच्या दिवशी मामा आमच्याकडे आले ते वाटीभर विरजण घेऊन. लाल यंत्र आदल्या दिवशीच आमच्या गॅरेजमध्ये येऊन उभं राहिलं होतं. टॅक्सी खाली थांबलेली. मामा उठले तसं सवयीने मी आधण ठेवलं, तिघांचं. माझ्या बायकोने त्यांच्याच विरजणाचं दही त्यांच्या हातावर घातलं. मामांनी ते खाल्लं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, कोट घातला, बूट घातले. दार उघडलं. मी दाराला टेकून नीट उभा राहिलो, म्हटलं आता तासाभराची निश्चिंती. मामा म्हणाले, "येतो." आणि पायऱ्या उतरून टॅक्सीत बसले.

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही दार लावलं नाही. घरातली सगळी ऊब बाहेर चालली होती. आत चहा उकळत होता.