कणकेच्या गोळ्यानं निवडलेला पॅड

गेल्या सोमवारी आम्ही तिघं चामोर्शीहून एसटीनं चंद्रपूरला गेलो. मी, आमचे बुढे म्हणजे माझे मालक, आणि नात पायल. लग्नाचा बस्ता नाही, दवाखाना नाही... निघालो होतो कॉम्प्युटरला जोडायचा ढोल घ्यायला!

मी बोलते आहे, पायल लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, त्यामुळे ती माझं बोलणं शहरातल्या बाईसारखं करून टाकते. करू दे, मला कुठे कळणार आहे...

आमचे बुढे जन्मभर गावच्या भजन मंडळात मृदंग वाजवत आले. मागच्या वर्षी लकवा मारला, डावा हात लुळा पडला. उजव्या हाताची थाप अजून खणखणीत आहे, पण मृदंगाचा तो खोल धुम निघतो डाव्या हातानं. तो गेला आणि माणूसच मुका झाला.

पायल लॅपटॉपवर गाणी बनवते. तिचं म्हणणं, रबरी चौकोनांचा एक पॅड मिळतो. त्याला स्वतःचा आवाज नसतो, आपण बोट टेकवायचं आणि आवाज लॅपटॉपनं काढायचा. बुढ्यांच्या मृदंगाचा धुम तिनं, हात चांगला होता तेव्हाच, फोनमध्ये भरून ठेवला होता. आता नुसतं बोट हललं तरी पुरे, म्हणाली.

बुढे किती दिवस ऐकेनात. शेवटी तयार झाले, पण अट घालून. "एक डाव येतो. नाई वाजलं, तर मृदंग मंडळाले देऊन टाकीन. मंग घरात त्याचं नाव काढाचं नाई."

चंद्रपूरला उतरून वाद्यांच्या दुकानात शिरलो.

दुकानदारानं सगळ्यात मोठा पॅड आधी काढला. दिवाळीसारखे लाईट! पायलनं वायर जोडून एक बोट मारलं, लॅपटॉपमधून धुम आला. मग बुढ्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून पॅडवर ठेवला. बोटं हलली... आवाज नाही.

पायलनं लॅपटॉपवर काहीतरी फिरवलं. पुन्हा बोटं हलली. एकदा कुठे बारीकसा आवाज निघाला, मांजर पाटावरून उतरल्यासारखा. बुढ्यांच्या कपाळावर घाम आला.

दुसरा पॅड लहान. त्याचं रबर इतकं कडक, की मला वाटलं चपलेच्या टाचेला लावायचं असेल. त्यातून तर काहीच निघेना.

"आबाजी, थोडं जोरानं मारा न," पायल म्हणाली. म्हणाली आणि ओठ चावला.

"जोर असता तर इथी आलो असतो का?" बुढ्यांनी हात उपरण्याखाली ओढून घेतला. मग माझ्याकडे न बघता, "चाल वो. बस भेटन अजून."

दुकानदार मऊ रबराचा तिसरा पॅड जोडत होता, तोवर बुढे उठून दाराकडे निघालेसुद्धा. पायल मान खाली घालून सेटिंग करत होती. मला तर स्पष्ट दिसत होतं... हे दार ओलांडलं की मृदंग घरातून गेला. आणि हा माणूस कोपऱ्यात जाऊन बसणार, तो पुन्हा उठायचा नाही.

आता माझं ऐका. लग्न झाल्यापासून मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मीच मळत आले. ओली कणीक थापल्याशिवाय त्यातून धुम निघतच नाही. इथे एवढ्या वायरी जोडताहेत आणि कणकेचं नाव नाही, मग वाजणार कसं? मी सकाळीच डब्यात गोळा घेऊन निघाले होते. वाद्य बघायला जायचं आणि कणीक नको?

काढला गोळा आणि दिला तिसऱ्या पॅडवर टाकून.

"ओ बाई! हे काय करून राह्यल्या! इलेक्ट्रिकचं हाय ते!" दुकानदार टेबलावरून झेपावला.

तेवढ्यात... धुम!

खोल, भरलेला. आमच्या घरातला. दुकानदाराचा हात तसाच हवेत राहिला.

बुढे दारात थबकले. मागे न वळता म्हणाले, "कोणं वाजवलं?"

"कणकेनं," मी म्हटलं. "तिले तर हाडसुद्धा नाई, तरी वाजवते. तुमाले पाच बोटं देल्ली देवानं... का कणकेची लाज वाटून राह्यली?"

कोणीच हसलं नाही. मी आतून घाबरले, जास्त बोलून गेले की काय...

मग बुढे परत आले. पायलनं ओढणीनं पॅड पुसला. ज्या बोटांनी सदऱ्याचं बटण लागत नाही, ती बोटं त्यांनी हळूच टेकवली. धुम. पुन्हा टेकवली. धुम.

"हा तं मायाच मृदंग हाय," ते म्हणाले.

पायल रडायला लागली. "बाजूला होऊन रड वो," मी म्हटलं, "पाणी गेलं त्याच्यात तर भाऊ आपल्याले सोडन का?" मग कुठे सगळे हसले. त्या भाऊचे खरंच आभार. रबराच्या फटीतली कणीक त्यानं काडीनं कोरून काढली आणि एका शब्दानं बोलला नाही.

तोच पॅड घेतला. लाईट कमी, दिसायला डब्याच्या झाकणासारखा. आता उजवा हात मृदंगावर, डावा पॅडवर. याला कणीक लागत नाही, हे पायलनं मला नीट समजावलंय. पण बसण्याआधी बुढे मागतातच, म्हणून गोळा शेजारी ताटलीत ठेवते. मागून त्याची पोळी करते.

काल संध्याकाळी मंडळाची माणसं ओसरीवर जमली. पहिल्याच भजनात बुढ्यांचा ताल चुकला. आधी असतं तर मी चारचौघांत घरातून ओरडले असते. काल गप्प कणीक मळत बसले... चुकू दे, म्हटलं. वर्षभर चुकलेसुद्धा नव्हते.