दोनदा बरे झालेले पेशंट

"मॅडम, तुमची सही तेवढी राहिलीय. आज पेपर पाठवायचाय," सर म्हणाले.

सर म्हणजे मेडिसिन विभागाचे प्रमुख. मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. कोरोना ऐन भरात होता. एका इंजेक्शनवर जगभर जे छापून आलं, ते गोळा करून सरांनी रिव्ह्यू लिहून घेतला होता. रिव्ह्यू म्हणजे नवा प्रयोग नव्हे, इतरांच्या अभ्यासांची बेरीज. डॉक्टर तोच वाचून औषध ठरवतात. सगळं वाचायला सवड कुणाला आहे?

याचा नियम साधा. दोघांनी सगळेच पेपर स्वतंत्रपणे वाचायचे आणि मग ताडून बघायचं. आमच्या दोन रेसिडेंट डॉक्टरांनी वेळ वाचवला. निम्मे तू, निम्मे मी. बिचारी पीपीई घालून वॉर्डात राबत होती, त्यांना काय बोलणार! पण घोळ तिथेच झाला. परदेशातल्या एका हॉस्पिटलने तेच पेशंट दोन पेपरांत छापले होते. एक पेपर हिच्या वाट्याला, दुसरा त्याच्या. बेरजेत ती माणसं दोनदा बरी झाली. मी एक पेपर वगळून गणित पुन्हा मांडलं. इंजेक्शनचा फायदा गायब!

"सर, हे छापता येणार नाही."

"अहो, लोक मरताहेत."

"म्हणूनच म्हणतेय."

"जर्नल छापायला तयार आहे. तुम्ही कशाला फाटे फोडताय?"

"मग माझं नाव काढा."

"काढतो. शेवटी आभाराच्या यादीतही नको ना?"

पेपर छापून आला. वर्तमानपत्रांत बातमी झळकली, पुण्यातल्या डॉक्टरांचं संशोधन म्हणून. संशोधन कसलं डोंबलाचं! मी जर्नलला चूक कळवली. "विचार करू," असं उत्तर आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेखभाईंचा फोन आला. हे आमचे कॉम्प्युटर ऑपरेटर.

"मॅडम, मोठे भाऊ सीरियस आहेत. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन आणा. आपल्या सरांच्या पेपरातलंच."

"शेखभाई, त्याने फरक पडतो असं दिसत नाही. वणवण करू नका. भावाजवळ थांबा."

"छापून आलंय हो, मॅडम. नाही आणलं आणि काही झालं, तर भाभींना काय तोंड दाखवू?"



कात्रजपासून खडकीपर्यंत त्यांनी एकेक मेडिकल पालथं घातलं. इंजेक्शन मिळालंही. परत आले तेव्हा भाऊ गेले होते. त्या नर्सिंग होममध्ये नातेवाइकांना काचेबाहेर उभं राहू देत. "सारखे काचेकडे बघत होते," नर्स म्हणाली.

पुढे इतरांनी आपापल्या रिव्ह्यूत आमच्या रिव्ह्यूचा दाखला दिला. चूक देशोदेशी पोचली. सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "बघा, किती जणांनी आपल्याला वाचलंय!" मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठून जाणार तरी कुठे?

आता मी रिटायर झाले. जर्नलचा विचार अजून चालूच आहे. यातून काय शिकायचं? निम्मं वाचलेलं पूर्ण छापू नये, एवढंच.

शेखभाई अधूनमधून भेटतात. दर वेळी विचारतात, "मॅडम, थोडं आधी मिळालं असतं तर वाचले असते ना भाऊ?"

मी दर वेळी सांगते, नाही हो, इंजेक्शनने काही झालं नसतं. त्यांना पटत नाही. माझं म्हणणं कुठे छापून आलंय?