काकूंच्या फराळाला कुलूप

जगात चोर नसते, तर माझ्या बायकोच्या काकूंना सकाळी उठायला कारणच उरलं नसतं. देवासला टेकडीच्या पायथ्याशी, काकांच्या मागे एकट्या राहणाऱ्या या बाईंच्या घरात चोरण्यासारखं होतं तरी काय? लोक सोनं जपतात, काकू चकलीचं मोहन जपायच्या. भांड्यांवर नाव सगळेच घालून घेतात; काकूंनी ते झाऱ्यावर, चिमट्यावर आणि चहाच्या गाळणीच्या दांड्यावरही घातलं होतं. लाडवाचं बेसन भाजायला घेतलं की भर मे महिन्यातही खिडकी बंद. ‘वासावरनं ओळखतात मेल्या,’ हे त्याचं कारण. माझी बायको लहानपणापासून त्यांच्या हाताखाली राबली, पण पाकाची तार बघायच्या ऐन क्षणी तिला हमखास अंगणातून कढीपत्ता आणायला पिटाळलं जाई. लाडवात कढीपत्ता पडत नाही, हे तिच्या ध्यानात आलं ते लग्न झाल्यावर.

अशा बाई फराळाचे ऑनलाइन धडे विकायला तयार झाल्या, याचं नवल वाटेल. पण त्यांचा हिशेब सरळ होता. ‘शेजारणीला फुकट सांगितलं की ती स्वतःचंच म्हणून मिरवते. पैसे भरलेली बाई चार जणींना नाव सांगते हो आपलं.’ तंत्रज्ञ म्हणून सासरच्यांनी मला पुढे केलं. मी धारला एका कचेरीत नोकरीला आहे आणि साहेबांचा प्रोजेक्टर लावतो, एवढ्यावर त्या घरात माझी कीर्ती झाली होती. माझ्या कौशल्याचा नमुना सांगायचा, तर चकलीच्या धड्यात सोऱ्यातून पहिली चकली पडते त्या मोक्याच्या क्षणी पडदाभर माझा अंगठा दिसतो. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष कुलपाकडे होतं. एका बाईला एकच फोन, दर वेळी ओटीपी, आणि जी बघते आहे तिचं नाव पडद्यावर सतत फिरत राहणार, अशी सगळी तटबंदी मी सेवा विकणाऱ्यांकडून समजून घेऊन उभारली. नाव फिरण्याची सोय काकूंना मनापासून पटली. ‘म्हणजे पातेल्यावर घालतो तसंच की!’ ओटीपीवर मात्र भरवसा नाही. तो त्यांनी स्वतःच्या फोनवर यायला लावला. शिकणारीने देवासला फोन करायचा, काकू विचारणार, ‘सासूचं माहेरचं आडनाव सांग बरं,’ आणि उत्तराला क्षणभर उशीर झाला तर आकडा मिळायचा नाही. पुण्याची एक मुलगी बिचारी अविवाहित होती. पैसे भरूनही ती शेवटपर्यंत शंकरपाळ्यांपर्यंत पोचली नाही.

एवढं करून चोरी झालीच, आणि झाली ती माझ्या कृपेने. धारला आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमात मला मोठेपणाची उबळ आली. माझ्या खात्यातून चकलीचा धडा मी तिथल्या टीव्हीवर लावला आणि बाजूला उभा राहून कौतुक गोळा करत राहिलो. कुणीतरी शांतपणे टीव्हीसमोर फोन धरून तो अख्खा टिपला. आठवड्याभरात कचेरीतला सहकारी फोन पुढे करून म्हणाला, ‘भिया, पूरी चकली पे तुम्हारा नाम घूम रिया है!’ धामनोदच्या एका ढाब्यावर चहाबरोबर तीच चकली मिळू लागली. मी ती खाल्ली. उत्तम होती.

देवासला जाऊन मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मला वाटलं, झारा बसणार. काकूंनी तो धुऊन जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, ‘जावईबापू, चोराला अडवत बसू नये. त्याला दुसरंच घर दाखवावं.’ त्यांनी माझ्या शेजारी बसून जुने सगळे धडे माझ्याकडून पुसून घेतले आणि सगळे नव्याने चित्रित करवले. फरक एकच. प्रत्येक धड्यात एक गोष्ट जाणूनबुजून चुकीची. कुठली, ते मलाही कळू दिलं नाही. पैसे भरलेल्या बाईने फोन करून खरं विचारून घ्यायचं. बरं, दोघींनी आपसात ताडून बघू नये म्हणून दोघींना सांगायचं तेही वेगवेगळं. एकीला गूळ कमी घ्यायला सांगत, दुसरीला पीठ जास्त वाळवायला. दोघींचं बरं जमे, कुणाचंच काकूंसारखं होत नसे. मी म्हटलं, ‘काकू, निदान आमच्या हिला तरी खरं सांगून ठेवा.’

‘ती तुमची बायको आहे,’ काकू म्हणाल्या. ‘तुमच्या घरात काही टिकतं का?’

बायको शेजारीच बसली होती. ती उठली आणि कुणी न सांगता अंगणात गेली.

तुपात सोडलेला अनारसा विरून त्याचा भुगा झाला, की आमच्याकडे तो हसला म्हणतात. त्या दिवाळीत नवे धडेही चोरून घरोघर फिरले आणि अर्ध्या माळव्याचे अनारसे हसले. समोरची भाभी रडवेली होऊन आली. ‘काकीजी, सारे के सारे घी में घुल गए!’ काकूंनी कपाळाला हात लावला. ‘अरे रे! हाथ गरम होगा तुम्हारा.’ ती अंगणाबाहेर पडेपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला आणि मग पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. तशा हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्याच पावसाळ्यात त्यांना झटका आला. वाचल्या. बोलणं परतलं, हातही बराचसा परतला. पण आत कुणीतरी शिरून मोजक्या वस्तू उचलून न्याव्यात तसं झालं होतं. नवरात्र उलटताच शिकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. ‘काकू, अनारशातलं खरं काय ते सांगा ना.’ काकूंनी माझ्याकडून धडा लावून घेतला, चष्मा पुसून शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, ‘बरोबरच तर सांगत्येय ती बाई.’ मी म्हटलं, ‘काकू, यात एक चूक मुद्दाम घातलीय तुम्ही.’ त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जिने त्या आयुष्यभर शेजारणींकडे पाहत आल्या होत्या. मग हट्टाने स्वतः तांदूळ भिजवले, वाळवले, दळले, गूळ घातला, सगळं पडद्यावरच्या बाईवर विश्वास ठेवून. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. दुसरा हसला. तिसरा त्यांनी सोडलाच नाही. गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘माझ्या धड्यात कुणीतरी फेरफार केलाय. तुमच्याखेरीज कुणाचा हात लागला होता, जावईबापू?’

बोलून सिद्ध काय करणार होतो?

मग मी आणि बायकोने वर्गातल्या एकेकीला फोन लावले, काकूंनी सांगितलेलं खरं गोळा करायला. जितक्या बाया तितकी खरी मापं. ताडून बघितलं तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. ते काम काकूंनी चोख करून ठेवलं होतं. बेसनलाडू गेले, चिरोटे गेले, कडबोळी गेली. मूळची चकली तेवढी आज गावोगाव शाबूत आहे, कारण ती चोरीला गेली होती. माझ्या अंगठ्यासकट. वर्ग मी बंद केला. चौकशा अजून येतात. बाई आजारी आहेत, असं सांगतो.

बायकोने मात्र अनारशांचा पिच्छा सोडला नाही. दोन दिवाळ्या आमच्याकडे भुगाच खाल्ला गेला. यंदा तिचे जमले. जाळी पडली, खुसखुशीत झाले. पण त्यांत काकूंचं काही नाही. तांदूळ निराळा, गुळाचं माप तिचं, मुरवणं तिचं. डबा घेऊन आम्ही देवासला गेलो. काकूंनी एक तुकडा मोडला, बराच वेळ चघळला.

‘छान झालेत गं. कुणाकडून शिकलीस?’

‘तुमच्याकडून,’ बायको म्हणाली.

काकूंनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. मग जरा पुढे वाकून, एरवी कधी न ऐकलेल्या अजिजीच्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘मला सांगशील?’

बायकोने स्टूल ओढलं आणि तांदूळ कुठला इथपासून सांगायला घेतलं. काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. मधेच एकदा ‘हळू सांग’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि आता धारला फोन येतो तेव्हाही तेच विचारतात. बायको हातातलं काम ठेवते आणि पहिल्यापासून सगळं सांगते.