भाऊजींची बर्मी

‘बघू’ म्हणण्यात माझ्या भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या ब्रह्मपुरीत सापडणार नाही, आणि आता तर ते बर्मी भाषेतूनही तेच म्हणतात. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नोकरी लाकडाच्या डेपोत, काम सागवानाची प्रत ठरवण्याचं. सकाळी कोणता सदरा घालावा हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या हाती हे काम कुणी दिलं कोण जाणे. ओंडका पहिल्या प्रतीचा म्हणावा तर कुठेतरी गाठ दिसायची, तिसऱ्या प्रतीचा म्हणावा तर त्याचा सरळपणा पाहून यांचा जीव हळहळायचा. म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी दिसेल त्या ओंडक्यावर दोनचाच शिक्का मारला. एकदा चामोर्शीला लग्नाला निघालो, तर बस बरी की जीप, याचा काथ्याकूट स्टँडवर इतका वेळ चालला की आम्ही पोचलो तेव्हा मांडवात भांडी घासत होते. ताई संतापली, तर म्हणाले, "पोचलो तं न आपण? मंग काऊन चिडून राह्यली?"

अशात एका वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांच्या मुक्कामाला, आमच्या विहारात रंगूनकडचे एक भंते येऊन राहिले. ते दुपारनंतर जेवत नसत, म्हणून भाऊजी बाराच्या आत डबा घेऊन हजर. त्यांच्या हातून रोज वेळेवर झालेली ही एवढीच गोष्ट. दोघांची गट्टी जमली आणि भाऊजींना बर्मी शिकायची हौस आली. भंते मोडक्या हिंदीत शिकवायचे, आणि समोर भाऊजी जे करत असतील त्याचाच शब्द द्यायचे. भाऊजी वांगी उचलून परत ठेवत होते, भंते म्हणाले, ‘छीतों छतों’; म्हणजे उचलू की ठेवू. ताईचंही खरं आणि शेजारणीचंही खरं असा निवाडा दिला, तर ‘ये लाइ, ङा लाइ’. म्हणजे पाण्यासोबतही जायचं आणि माशासोबतही. तीन महिन्यांत वही भरली, आणि वहीभर भाऊजीच. भंते गेल्यावर त्यांनी विहारात रविवारचा वर्गच काढला. विद्यार्थी मी आणि पोस्टातल्या एक बाई. आम्हाला रंगूनला पाणी मागता येणार नाही, पण आमचं अजून ठरत नाही हे आम्ही नऊ प्रकारे सांगू शकतो.

जाताना भंते ‘एकदा या’ म्हणाले होते. भाऊजींनी पासपोर्ट काढला, बॅग आणली, आणि चार वर्षं बघू बघू केलं. गेल्या हिवाळ्यात भंतेंचा आवाजातला निरोप आला, "उपासक, आँख जा रहा है. मिलना है तो जल्दी आओ." ताई म्हणाली, "जा न बाप्पा एकदाचे." पण आधी धान चुरायचं होतं, म्हणजे मळणी, मग नातीची परीक्षा, मग ऊन. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. ताईला म्हणाले, "बाई, व्हिडिओ कॉल करतो. भेटल्यासारखंच होते."

मागच्या रविवारी वर्गातच फोन लावला. पडद्यावर भंते आले, फार वाळले होते. भाऊजी हात जोडून नुसते हसत बसले. भंतेंनी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, थोडा बाजूला नेला, पुन्हा जवळ आणला आणि विचारलं, "कौन?"

भाऊजींनी नाव सांगितलं. आवाज ऐकताच भंतेंचा चेहरा असा उजळला की मला पाहवेना. "कब आते हो?" त्यांनी विचारलं, आणि भाऊजी पटकन म्हणाले, "येतो भंते. याच महिन्यात येतो." त्याच संध्याकाळी त्यांनी तिकीट काढलं, कोणती सीट, हेही विचारलं नाही.

काल बॅग भरताना त्यांच्या हातात दोन सदरे होते. मी मुद्दाम गंमत केली, "कोणता नेणार मग?" त्यांनी दोन्ही सदरे माझ्यापुढे धरले. म्हणाले, "कोणताही दे. भंतेले काई दिसणार हाये थोडंच." मी दोन्ही घड्या करून बॅगेत ठेवले.