आसरांच्या खडकावरचा गळ

आठवड्याचे सहा दिवस पुष्पाबाईंचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जात नाही. रविवारी मात्र तो धरणाच्या पाण्यावरून पार पलीकडच्या काठाला जाऊन आपटतो.

"तोडू नका वं! तंगूस तोडू नका!"

मुळा धरणाच्या फुगवट्याला त्यांची वस्ती. रविवारी नगरहून, कधी पुण्याहूनही, हौशी मंडळी गाड्या घेऊन मासे धरायला येतात. लांब काठ्या, काठीला चक्र, चक्रावर तंगूस, म्हणजे केसासारखी बारीक पण हात कापणारी नायलॉनची दोरी, आणि तिच्या टोकाला रंगीत प्लास्टिकची मासळी. मासळीच्या पोटाखाली तीन तीन काट्यांचे दोन गळ. मासा तिला खरी समजून तोंडात घेतो म्हणे. पुष्पाबाईंनी आजवर पाहिलं ते बहुतेक वेळा खडकांनीच तोंडात घेतलेलं. गळ कपारीत बसतो, माणूस ओढतो, हिसके देतो, शिव्या घालतो, आणि शेवटी तंगूस तोडून दुसरी मासळी बांधतो. त्याच्यापुरतं ते संपलं. मासळी मात्र तिथंच राहते.

चैत्र सरला की पाणी रोज थोडं थोडं मागं जातं. मग तेच खडक उघडे पडतात, आणि वस्तीची जनावरं पाण्यावर जातात ती त्याच खडकांवरून.

सहा वर्षांपूर्वी त्यांची मोगरी म्हैस अशीच पाण्यातून वर आली, तेव्हा तिच्या सडाला एक हिरवी मासळी लोंबत होती. त्यांच्या नवऱ्याने, पुंजारामने, मागचे पाय दोरीने बांधून धरले आणि पुष्पाबाईंनी गळ ओढला. सरळ ओढला, जसा हाती आला तसा. गळाच्या टोकाला उलटा दात असतो, हे कुणाला ठाऊक? सड फाटला. मग कास सुजली, मग दूध आटलं, आणि दिवाळीच्या आत मोगरी घोडेगावच्या बाजारात गेली. दावणीवरून निघताना तिनं मागं वळून पाहिलं होतं. त्या पाहण्याबद्दल पुष्पाबाई कुणाशी बोलत नाहीत.

जनावरांचे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "मावशी, गळ ओढायचा नसतो. ज्या वाटेनं आत गेला, त्याच वाटेनं मागं लोटायचा." कसा लोटायचा तेही त्यांनी सुतळीच्या फाशाने करून दाखवलं. पुष्पाबाईंनी ते वाक्य हरिपाठासारखं पाठ केलं.

तेव्हापासून हे काम त्यांच्या मागं लागलं. कुणी सांगितलं नव्हतं. कानिफनाथ वेल्डरकडून ट्रॅक्टरचा एक मुठीएवढा नट मागून आणला, त्याला एका बाजूनं चीर पाडून घेतली. दोरी अडकली की पुष्पाबाई जातात, चिरेतून ताणलेली तंगूस नटात सरकवतात आणि नटाला बांधलेली सुतळी हातात ठेवून तो खाली सोडतात. नट तंगूसवरून घसरत जातो आणि मासळीच्या नाकाडावर टुक्कन बसतो. दोनचार टोल्यांत गळ मागं सरकतो, मोकळा होतो. शहरातली माणसं टाळ्या वाजवतात. पण हे सगळं दोरी शाबूत असेल तर. तोडली की संपलं. म्हणून ते ओरडणं.

यंदा ओरडायचाही कंटाळा आला होता. गुडघे बोलायला लागले होते. पुंजारामची कंबर धरलेली, तो खाटेवर बसून दावी वळायचा. मुलगा कल्याण आणि सून दिपाली नगरला, सावेडीत. दावणीला एकच म्हैस उरली होती, शेवंती, आणि ती अमावास्येच्या आसपास व्यायची होती. हातपंपाला चार हापशांना तांब्याभर पाणी. त्यात उन्हानं म्हैस दिवसभर धापा टाकायची, तिला पाण्यात बसल्याशिवाय चैन नसे. आणि पाण्यावर जायला एवढ्या मोठ्या काठाला वाट एकच. बाकी सगळीकडे गाळ, पोटुशी म्हैस रुतली तर दोर लावूनही निघायची नाही. ती एकुलती वाट आसरांच्या खडकावरून उतरत होती.

साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. शेंदूर लावलेले सात दगड एका रुंद खडकावर ओळीनं बसवलेले. धरण झालं तेव्हा ते बुडाले, पण दर उन्हाळ्यात वर येतात. वैशाखातल्या पहिल्या शुक्रवारी पुष्पाबाई ते धुतात, हळदीकुंकू वाहतात, हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवतात. त्या खडकावर कुणी पायात काही घालून चढत नाही. लग्न होऊन आल्यावर सासूनं दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं, आणि गेल्या पस्तीस वर्षांत ते मोडलं नव्हतं. या रविवारी खडक अजून घोट्याच्या वर पाण्यात होता. अजून दोनचार दिवसांनी सगळा उघडा पडला की एकेक कपार चाचपायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

उन्हं चढली तेव्हा पांढऱ्या गाडीतून दोघं आले. एक सुनील, चष्मा, कपाळावर गंध, सावेडीला शिकवणी घेणारा. दुसरा ओंकार, त्याचं तोंड थांबत नव्हतं. तिसऱ्याच फेकीला ओंकारची मासळी आसरांच्या खडकात बसली.

"गेली. कापतो मी."

"तोडू नका वं!" पुष्पाबाई उठल्या. पदर खोचला, नट घेतला.

"आल्या इन्स्पेक्टर," ओंकार म्हणाला.

"आवाज ऐकू येतो बाबा मला. डोळ्यांनी जरा कमी दिसतं, कान शाबूत हायेत," पुष्पाबाई म्हणाल्या. "काठी वर धरा. आणखी वर. आता हलू नका."

सुनील हसला. "ओंक्या, घरी वहिनींसमोर उभा राहतोस तसा उभा राहा."

नट सोडला. पण मासळी लांब पडली होती, तंगूस पाण्याला जवळजवळ टेकलेली. नट अर्ध्यात जाऊन बसला. दोनदा, तीनदा. पुष्पाबाईंचा हात भरून आला. आता एकच उपाय होता, पलीकडून, खडकावर चढून उलट्या बाजूनं ओढायचं. त्यांनी पाण्यात पाऊल टाकलं आणि गुडघा असा कळवळला की खाली बसावं लागलं.

"मावशी, तुम्ही थांबा. मी जातो," सुनील म्हणाला.

"दादा, पण बूट काढा. तिथं आसरा हायेत."

"हो हो, काढतो ना." त्यानं बूट काढले, मोजे त्यांत खुपसले आणि जाताना नमस्कारही केला. भला माणूस. खडकावर चढला, चार पावलं गेला, वाकला, आणि "आई गं!" म्हणून तिथंच बसला.

पुष्पाबाईंना काय झालं ते विचारावं लागलं नाही. मोगरी डोळ्यांपुढं आली.

ओंकारनं त्याला कसंबसं काठावर आणलं. तळपायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीखाली, एक जुना गंजका गळ रुतला होता. मागच्या साली कुणीतरी तोडलेला. ओंकार हात घालायला निघाला.

"ओढू नका!" यावेळी पुष्पाबाई खरंच ओरडल्या. "हात लावू नका. दादा, इकडं माझ्याकडं बघा. नाव काय तुमचं?"

"सुनील."

"सुनीलदादा, पोरं किती?"

"एक मुलगी..."

"शाळेत जाती?" विचारता विचारता त्यांनी नटाची सुतळी सोडवली, तिचा फास गळाच्या वाकणात घातला, अंगठ्यानं गळाची मागची दांडी कातडीवर घट्ट दाबून धरली.

मागं ओंकारची आवराआवर चालली होती. "राहुरीला दवाखान्यात नेतो लगेच. सामान टाकतो गाडीत." आणि पुष्पाबाईंना तो बारीक आवाज आला. टुक. ताणलेली तंगूस तुटल्याचा. तो आवाज त्या झोपेतही ओळखतील. पण अंगठा उचलता येत नव्हता आणि मान वळवता येत नव्हती.

त्यांनी सुतळीला एकच झटका दिला, आल्या वाटेनं. गळ निघाला. रक्त थोडंच आलं, कातडी फाटली नाही.

"निघाला?" सुनीलचे डोळे अजून मिटलेले.

"निघाला. आता जावा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आजच्या आज. उद्यावर टाकू नका." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "चुकलं माझं. मीच बूट काढायला लावलं."

"असं काय, मावशी. देवाच्या जागी काढणारच की."

त्यानं चांगुलपणानं म्हटलं, पण पुष्पाबाईंना ते जास्त लागलं. जाताना ओंकार म्हणाला, "मावशी, ती मासळी राहिली तिथंच. घाईत कापली मी. तुमची काही..."

"म्हैस हाय माझी," पुष्पाबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्या ओसरीवर टेकल्या. शेवंती दावं ताणून पाण्याच्या दिशेला तोंड करून उभी, जीभ बाहेर.

"आज घरीच पाजू की," पुंजाराम म्हणाला.

"काल बारा हंडे आनले. पानी पिली, पन बसाया काय हंड्यात बसंल ती?"

पुष्पाबाईंनी कोपऱ्यातले त्याचे गमबूट ओढले. उसाला रात्री पाणी भरायचा तेव्हाचे, विंचूकाट्याला घातलेले. आत कोळ्याचं जाळं होतं. ते झटकलं.

"हे कशाला?"

"आसरांवर चढायचंय."

पुंजारामनं हातातलं दावं बाजूला ठेवलं. "बूट घालून?"

"व्हय."

"कल्याणच्या आई, देवी कोपंल."

"कोपली तर माझ्यावर कोपंल. म्हशीवर न्हाई." मग दुसरा बूट झटकत म्हणाल्या, "दुसऱ्याचं लेकरू आज अनवाणी चढवलं मी. देवीला ते दिसलं नसंल व्हय?"

काठावर त्यांनी चिमूटभर हळदकुंकू पाण्यात सोडलं, हात जोडले. नेहमी त्या मागणं मागायच्या. आज काही सुचेना. "आई, तुझ्याच अंगणात काटे झालेत. पाय झाकून येते," एवढंच म्हणाल्या आणि पाऊल ठेवलं.

पस्तीस वर्षं तो खडक त्यांच्या तळव्यांना तोंडपाठ होता. कुठं गुळगुळीत, कुठं खरखरीत, कुठं सासूच्या वेळची भेग. बुटांतून काहीच कळेना. परक्याच्या घरात अंधारात चालावं तसं झालं. दोनदा घसरल्या. एकदा चौथ्या दगडाला हात टेकून सावरल्या, शेंदूर तळहाताला लागला. मग खाली बसून एकेक कपार बोटांनी, हळूच, काट्याची दिशा ओळखत चाचपली.

ओंकारची मासळी तिसऱ्या नि चौथ्या दगडामधल्या फटीत होती, वर तोंड करून. अंगठ्यानं नाकाड मागं लोटलं, एकदा, दोनदा. सुटली. मग आणखी एक. मग दोन, शेवाळानं काळे झालेले. बोट चिरलं, ते तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं चाचपणं चालू ठेवलं.

उन्हं कलली तेव्हा पुंजाराम काठी टेकत, कमरेवर हात ठेवून, शेवंतीला घेऊन आला. कित्येक महिन्यांनी तो दारातून एवढा लांब आला होता. म्हैस वाटेनं उतरली, आसरांच्या खडकावरून पाणी उडवत गेली. पुष्पाबाई तिच्या प्रत्येक पावलाकडं बघत होत्या. चौथं पाऊल, पाचवं. मग ती पाण्यात बसली, नाकापर्यंत, आणि फुस्स करून श्वास सोडला.

"किती निघाले?" पुंजारामनं विचारलं.

"चार."

"अजून असतील."

"असतील."

दोघं काठावर बसून राहिली. बुटांत पाणी भरलं होतं. काढायला वाकायचंही त्यांच्या जिवावर आलं. शेवटी पुंजारामनंच खाली बसून एकेक बूट ओढून काढला, पाणी ओतलं आणि घरी न्यायला काखेत धरला.

"ऱ्हाऊ द्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "त्या बाभळीखाली उलटे करून ठेवा. रविवारी कुनी चढंल, त्याला लागतील."

"आनि आसरा?"

"मी सांगितलंय तिला."

पुंजारामनं बूट बाभळीखाली, खडकाकडं पाठ करून, नीट जोडीनं उलटे ठेवले. शेवंती उठायचं नाव घेत नव्हती. दोघांनीही तिला हाक मारली नाही.